डासांचे नैसर्गिक शत्रू : घराभोवती कोणाचा उपयोग होतो आणि कोणाचा नाही

आपला प्रश्न असा आहे : घराला लागून बाग आहे, बागेत एक लहान तळे आहे, पाणी साठवण्याचे हौद आणि पिंपे आहेत, संध्याकाळी अंगणात बसवत नाही इतके डास आहेत आणि रासायनिक फवारणी करायची नाही. अशा वेळी गप्पी मासे, चतुर, बेडूक, पाली आणि वटवाघळांसाठी टांगायच्या लाकडी पेट्या यांपैकी कशावर भिस्त ठेवावी? डासनियंत्रणाच्या कामात अनेक वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, डासांना पाण्यात खाणाऱ्या प्राण्यांचा उपयोग खरोखर मोठा आहे, हवेत खाणाऱ्यांचा फार थोडा आहे. आणि पाण्यातल्या भक्षकांनाही काम द्यायचे ते केवळ अशा पाण्यात, जे आपल्याला ओतून टाकता येत नाही आणि घट्ट झाकताही येत नाही.

यामागचे कारण डासाच्या जीवनक्रमातच आहे. अंडी, अळी आणि कोष या तिन्ही अवस्था पाण्याशी बांधलेल्या असतात आणि उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ डास तयार होईपर्यंतचा सगळा प्रवास साधारण 7 ते 10 दिवसांत उरकतो. क्युलेक्स जातीची मादी एका वेळी 100 ते 300 अंड्यांचा तराफा पाण्यावर सोडते. म्हणजे बादलीभर पाण्यात शेकडो अळ्या एकाच जागी कोंडलेल्या असतात, त्यांना तिथून निघून जाता येत नाही, आणि बहुतेक जातींच्या अळ्यांना श्वासासाठी पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर यावेच लागते. शिकाऱ्याला याहून सोयीची परिस्थिती कोणती असणार? याउलट पंख फुटलेला डास सगळ्या परिसरात विखुरतो, दिवसाचा बराच वेळ अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा पानांच्या मागे बसून काढतो, आणि त्याचे वजन जेमतेम अडीच मिलिग्रॅम भरते. एवढ्याशा घासासाठी हवेत कसरत करण्यापेक्षा जो प्राणी गुबगुबीत पतंग किंवा भुंगेरा पकडू शकतो तो तेच करतो.

कोणताही प्राणी आणून सोडण्यापूर्वी आपल्याकडे कोणता डास आहे आणि तो कुठे वाढतो आहे, हे पाहून घ्यावे. त्यासाठी एक पांढरी पळी आणि विजेरी पुरेशी असते. पाण्यावर आपली सावली पडू न देता पळी कडेकडेने तिरकी बुडवावी आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबावे, कारण सावली पडली की अळ्या लगेच तळाशी जातात. पृष्ठभागाला शेपटीकडच्या श्वासनळीने चिकटून डोके खाली करून तिरप्या लोंबणाऱ्या अळ्या दिसल्या, तर त्या एडिस किंवा क्युलेक्सच्या असतात. पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडून राहिलेल्या अळ्या ॲनोफिलिसच्या असतात. स्वल्पविरामासारखा वाकडा, मोठ्या डोक्याचा आणि कोलांट्या खात खाली जाणारा जीव म्हणजे कोष होय, आणि तो दिसला तर साधारण दोन दिवसांत तिथून डास उडणार आहे असे समजावे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती कुंडीखालची बशी, टायर, फुलदाणी, उघडे पिंप अशा लहानसहान साठ्यांत वाढतो आणि माणसाला दिवसा चावतो. क्युलेक्सला घाण पाणी, गटार आणि शौचालयाची टाकी चालते, आणि तो रात्री चावतो. ॲनोफिलिसच्या बहुतेक जातींना त्या मानाने स्वच्छ पाणी लागते. ज्याला दिवसा पायाशी चावणाऱ्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या डासाचा त्रास आहे, त्याने तळ्यात कितीही मासे सोडले तरी त्रास तसाच राहील, कारण तो डास बहुधा त्या तळ्यातला नसतोच.

भक्षकांच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना उलटी वाटते : जुने, झाडझाडोरा असलेले, वर्षभर पाणी टिकणारे तळे हे सहसा डासांचे मोठे आगर नसते. तिथे मासे, पाणभुंगेरे, चतुरांची पिल्ले अशी खाणारी तोंडे आधीच वस्तीला असतात. डास माजतात ते नव्याने साचलेल्या पाण्यात, कारण डासाची मादी तिथे एक-दोन दिवसांत पोहोचते आणि तिला खाणाऱ्यांचा जम बसायला आठवडे, कधी महिने लागतात. जोनाथन चेस आणि टिफनी नाइट या अमेरिकी संशोधकांनी 2003 साली दाखवून दिले की, एरवी न आटणारी पाणथळ जागा एखाद्या अवर्षणात आटली, तर पाणी परत आल्यानंतरच्या वर्षी तिथे डासांचा उद्रेक होतो, कारण कोरड पडल्याने भक्षक मरून गेलेले असतात आणि डास मात्र आधी परततात. यावरून घरासाठी दोन परस्परविरुद्ध वाटणारे नियम निघतात. लहान भांडी दर आठवड्याला कोरडी करावीत. तळे मात्र शक्यतो कधीच पूर्ण कोरडे करू नये. तळ्याची ‘स्वच्छता’ म्हणून दरवर्षी सगळे पाणी उपसून, तळ घासून, ते पुन्हा भरणारी मंडळी आपल्याच हाताने डासांसाठी मोकळी जागा तयार करून देतात. गाळ काढायचाच असेल तर एका वेळी तळ्याचा एक भाग काढावा आणि उरलेला तसाच ठेवावा.

आता माशांकडे वळू. गप्पी आणि गंबुशिया ही दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. दोन्ही मासे अंडी न घालता थेट पिल्ले देतात, पृष्ठभागाजवळ वावरतात, आणि त्यांचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असल्यामुळे पाण्याच्या पापुद्र्याला लोंबणारी अळी त्यांना सहज टिपता येते. मोठी गंबुशिया मादी दिवसाला शंभराहून अधिक अळ्या फस्त करू शकते. गप्पीची भूक तिच्यापेक्षा कमी असली तरी गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात गप्पी अधिक तग धरतो. तरीही गंबुशिया सोडण्याचा सल्ला मी देत नाही. मूळचा उत्तर अमेरिकेतला हा मासा विसाव्या शतकात डासनियंत्रणासाठी जगभर नेण्यात आला आणि जिथे गेला तिथे स्थानिक माशांची अंडी-पिल्ले आणि बेडकांची पिल्ले खाऊन, मोठ्या माशांचे पर कुरतडून त्याने इतके नुकसान केले की, जगातल्या 100 सर्वांत घातक परकीय आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव घातले गेले. त्यात त्याचे वागणे असे की, डासांच्या अळ्या खाणाऱ्या इतर जिवांनाही तो खाऊन टाकतो. त्यामुळे एकूण हिशेब कधीकधी तोट्यातच जातो. गप्पीही परकाच आहे. तो चारही बाजूंनी बंदिस्त असलेल्या हौदात ठेवायला हरकत नाही, परंतु ओढा, नदी, नैसर्गिक तळे किंवा पुराच्या पाण्याने ज्यांच्याशी जोडले जाते अशा कोणत्याही साठ्यात सोडू नये. आपल्या भागातला, पृष्ठभागावर चरणारा एखादा लहान स्थानिक मासा मिळत असेल, तर तो गप्पीपेक्षा चांगला.

मासे सोडल्यावर काम होत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांकडे गेले की कारण बहुधा तीन-चार ठरावीक गोष्टींपैकीच एक निघते. पहिले म्हणजे माशांना रोज बाजारचे खाद्य घातले जाते. पोट भरलेला मासा अळीच्या मागे धावत नाही. डासांसाठी पाळलेल्या माशांना खाऊ घालू नये. पाण्यातले शेवाळ आणि किडे त्यांना पुरतात, आणि ज्या हौदात खरोखरच काही उगवत नाही तिथेच अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकावे. दुसरे कारण दाट वनस्पतींचे. कडेला गवत, शेवाळाचे पुंजके किंवा पाण्यावर गच्च पसरलेली पाने असली की माशाचे तोंड तिथे पोहोचत नाही आणि नेमक्या त्याच सावलीत अळ्या सुखाने वाढतात; म्हणून कडा मोकळ्या ठेवाव्यात आणि पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग उघडा राहील असे पाहावे. तिसरे कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच मासे सोडावेत, आणि ज्या पिशवीतून किंवा बरणीतून ते आणले असतील ती अर्धा तास हौदात तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होऊ द्यावे. घरगुती हौदाला पाच-सहा मासे पुरतात. ते वाढतील, गप्पी स्वतःचीच पिल्ले खातात म्हणून त्यांची गर्दी काही प्रमाणात आपोआप आटोक्यात राहते, आणि जास्त झालेले मासे दुसऱ्या बंदिस्त हौदात हलवता येतात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मात्र मासे नकोत. तिला घट्ट झाकण आणि वाहून जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी हाच इलाज आहे.

चतुर हा माझ्या विशेष आवडीचा प्राणी, आणि त्याच्याबद्दलचा गैरसमजही मोठा आहे. लोक आकाशात घिरट्या घालणाऱ्या चतुरांकडे पाहून समाधान मानतात. तो शिकारी म्हणून अव्वल आहे यात वाद नाही. प्रयोगशाळेत पाहिले असता त्याच्या दहांपैकी नऊहून अधिक झडपा यशस्वी ठरतात. परंतु तो उन्हात उडतो, क्युलेक्स अंधारात निघतो आणि एडिस घरात, सावलीत राहतो, त्यामुळे त्यांची गाठ फारशी पडत नाही. चतुराचे खरे काम पाण्याखाली चालते. त्याचे मातकट रंगाचे, बिनपंखी पिल्लू पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात सोडावे आणि सोबत दोन-चार अळ्या टाकाव्यात. सुरुवातीला ते वाळक्या पानासारखे निपचित पडून राहते. अळी वळवळत जवळून गेली की डोक्याखाली घडी घालून ठेवलेला त्याचा खालचा ओठ एकाएकी हातासारखा पुढे फेकला जातो, टोकाच्या आकड्यांत अळी अडकते आणि ओठ मागे येतो. हे सगळे इतक्या झटकन होते की आपल्याला फक्त अळी नाहीशी झाल्याचे आणि पिल्लाचे तोंड हलत असल्याचे कळते. म्यानमारमधल्या यांगून शहरात 1980 च्या दशकात संशोधकांनी रहिवाशांच्या मदतीने घराघरांतल्या पाण्याच्या भांड्यांत चतुराची अशी पिल्ले ठरावीक कालांतराने सोडली, तेव्हा एडिस इजिप्तीची संख्या काही आठवड्यांत अगदी खाली आली. घरी हे करताना पिल्ले पकडून आणण्यापेक्षा चतुरांना तळे आवडेल असे करणे सोपे असते : दिवसातला बराच वेळ ऊन पडेल अशी जागा, एका बाजूला उथळ उतार, आणि पिल्लांना पंख फुटण्याच्या वेळी चढून बसता येईल अशा पाण्याबाहेर आलेल्या काही काड्या किंवा देठ. काही जातींची पिल्ले दोन महिन्यांच्या आत मोठी होतात, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. त्यामुळे पहिल्याच ऋतूत मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नये. आणखी एक पेच असा की, मासे चतुराची लहान पिल्ले आवडीने खातात. म्हणून एकाच लहान तळ्यात दोघांचीही पलटण उभी करण्याचा हट्ट धरू नये. हौदाला मासे, उघड्या तळ्याला चतुर आणि पाणकिडे, अशी वाटणी मला सर्वांत बरी वाटते.

पाठीवर उताणे पोहणारे पाणढेकूण आणि पाणभुंगेऱ्यांच्या अळ्याही डासांच्या अळ्यांवर तुटून पडतात, आणि त्यांना आणावे लागत नाही. ते रात्री उडत स्वतःहून पाण्यावर येतात. डासांच्या काही जाती अशा पाणढेकणांच्या पाण्यात मिसळणाऱ्या रसायनांच्या वासावरून त्यांचा सुगावा घेतात आणि त्या पाण्यात अंडीच घालत नाहीत. एक सूचना मात्र करतो : हे उताणे पोहणारे कीटक हातात धरले तर चांगला डंख मारतात.

याहून छोटा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा शिकारी म्हणजे सायक्लॉप्स या पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवाच्या कुळातला मेसोसायक्लॉप्स. तो नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्यांना धरून मारतो, भूक नसली तरी मारतो, आणि भांड्यात एकदा रुळला की महिनोन्महिने टिकतो. व्हिएतनाममध्ये 1990 च्या दशकापासून गावकऱ्यांनीच एका विहिरीतून दुसऱ्या हौदात हे जीव पसरवले आणि सोबत टाकाऊ भांडी उचलली. त्यातून अनेक गावांतून एडिस इजिप्ती नाहीसा झाला. नैसर्गिक भक्षकांच्या वापराचे याहून ठोस यश माझ्या माहितीत दुसरे नाही. तरीही घरगुती पातळीवर मी याची शिफारस जपून करतो, कारण मोठ्या झालेल्या अळ्या त्याला आवरत नाहीत, क्युलेक्सवर त्याचा प्रभाव कमी पडतो, आणि नारूचा प्रसार सायक्लॉप्सच्याच कुळातील जिवांमार्फत होत असल्याने जिथे तो रोग शिल्लक आहे तिथे पिण्याच्या पाण्यात ते सोडणे योग्य नाही. टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाचा मोठा डास, ज्याची मादी माणसाला चावत नाही आणि अळी इतर डासांच्या अळ्या खाते, तोही अनेक ठिकाणी मुद्दाम सोडून पाहिला गेला. परंतु तो सावकाश वाढतो, त्याच्या अळ्या एकमेकींनाही खातात आणि त्याची संख्या चावणाऱ्या डासांच्या मागेच राहते. आपोआप आला तर त्याला मारू नये, इतकेच.

वटवाघळांच्या पेट्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. एक वटवाघूळ तासाला 600 डास खाते, हा आकडा जिकडेतिकडे दिसतो. त्याचा उगम 1960 साली डोनाल्ड ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आहे, ज्यात बंद खोलीत डास सोडून वटवाघळांचे वजन किती वाढते हे मोजले गेले. वेग मिनिटाला दहाच्या आसपास दिसला आणि पुढे कोणीतरी त्याला साठाने गुणले. खोलीत दुसरे खाद्यच नव्हते, ही गोष्ट गुणाकारात हरवली. मोकळ्यावर राहणाऱ्या वटवाघळांच्या पोटात आणि विष्ठेत बहुतेकदा पतंग, भुंगेरे आणि इतर मोठे कीटक अधिक सापडतात. त्याच्याही आधी, 1911 साली, चार्ल्स कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोजवळ मलेरिया हटवण्यासाठी वटवाघळांचा खास मनोरा उभारला होता. तो पुष्कळ गाजला, पण ही पद्धत पुढे मलेरियानियंत्रणात रुजली नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जाळीने बंद केलेल्या मोठ्या आवारात वटवाघळे असताना क्युलेक्सने घातलेल्या अंड्यांत 32 टक्के घट आढळली. म्हणजे परिणाम शून्य नाही, परंतु जाळीबंद आवारातला तो निष्कर्ष उघड्या बागेला तसाच लागू करता येत नाही. वटवाघळे पिकांवरच्या पतंगांसाठी मोलाची आहेत, त्यांना जरूर जागा द्यावी. डास कमी होतील या आशेने पेटी विकत घेऊ नये. पक्ष्यांचेही असेच आहे. अमेरिकेत पर्पल मार्टिन नावाचा पाकोळीसारखा दिसणारा पक्षी दिवसाला 2000 डास खातो, असा प्रचार होऊन त्याच्यासाठी घरोघरी घरटी उभारली गेली. 1968 साली एका अभ्यासकाने त्याच्या आहाराची छाननी केली, तेव्हा त्यात डास जवळजवळ नव्हते आणि चतुर मात्र होते.

बेडूक, पाली आणि कोळी यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. प्रौढ बेडूक समोर हलेल ते खातो आणि त्यात डास क्वचितच असतात. दिव्याजवळची पाल आणि कोपऱ्यातला कोळी घरात शिरलेल्या डासांपैकी काही टिपतात. त्यांना हाकलू नये, पण त्यांच्या भरवशावर मच्छरदाणी काढूनही ठेवू नये.

फवारणी आणि भक्षक यांचे मात्र एकत्र जमत नाही, हे आपण ओळखलेच आहे. धुराची किंवा कीटकनाशकाची फवारणी उडत्या डासांना मारते, परंतु चतुर, कोळी आणि पाण्यावरचे कीटकही तिच्यात सापडतात, आणि पुढे डासांची संख्या आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते, भक्षकांची येत नाही. ज्या पाण्यात कोणताच शिकारी टिकत नाही, जसे झाडाची ढोली किंवा काढून टाकता न येणारा खड्डा, तिथे बीटीआय नावाच्या जिवाणूची भुकटी किंवा वड्या वापराव्यात. नेगेव्हच्या वाळवंटात 1976 साली सापडलेला हा जिवाणू डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या नातलग कीटकांच्या अळ्यांनाच प्रामुख्याने बाधतो, मासे आणि चतुरांच्या पिल्लांना त्याचा त्रास होत नाही. मात्र तो अळीने खावा लागतो, म्हणून काही न खाणाऱ्या कोषांवर त्याचा उपयोग नाही, आणि प्रकारानुसार तो काही दिवसांनी पुन्हा टाकावा लागतो. शौचालयाच्या टाकीत मासेही जगत नाहीत. तिथे हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधावी आणि झाकणाच्या फटी बुजवाव्यात.

तेव्हा कामाला लागताना आधी आवारातल्या प्रत्येक पाण्याची यादी करावी. ओतता येते ते आठवड्यातून एकदा ओतावे आणि ज्याला आपण कोरडा दिवस म्हणतो तो नेमाने पाळावा. त्या दिवशी भांड्याची आतली बाजू घासायला विसरू नये, कारण एडिसची मादी अंडी पाण्यात नव्हे तर पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटवते आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात. झाकता येते ते झाकावे. उरलेल्या पाण्यात मासे किंवा चतुर यांची योजना करावी. शेजारच्या आवारातही हेच झाले पाहिजे, कारण एडिस सहसा शे-दोनशे मीटरच्या आतच वावरतो, पण क्युलेक्स एक-दोन किलोमीटरवरूनही येऊ शकतो, आणि त्याच्या बाबतीत एकट्याने केलेल्या कामाचा परिणाम अपुराच दिसणार.

भक्षक काम करत आहेत की नाही, हे चावे मोजून ठरवू नये. बाहेरून येणाऱ्या डासांमुळे तो अंदाज चुकतो. मासे सोडल्यापासून तीन आठवड्यांनी पळी घेऊन हौदाच्या चारही कडा तपासाव्यात. बारीक, नुकत्या निघालेल्या अळ्या दिसल्या तर काळजीचे कारण नाही, त्या रोजच येत राहणार. कोष मात्र एकही दिसता कामा नये. कोष सापडला तर त्या ठिकाणची वनस्पती कमी करावी, माशांचे खाद्य बंद करावे, आणखी दोन-तीन मासे सोडावेत आणि आठवड्याने पुन्हा त्याच कोपऱ्यात पळी घालून पाहावी.